सांग त्याला, सांग त्यांना

“राजमतीताई, आता तुमची पाळी. काल घरात कोण कुणाला काय म्हणालं? टोल्ड घालून सांगा.”

बार्देस्कर बाईंनी हातातला खडू माझ्याकडं रोखला. आमच्या भागात जिनमंदिराला बस्ती म्हणतात. त्या बस्तीच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही दहा-बारा बायका दुपारच्या वेळी सतरंजीवर बसून इंग्रजी शिकत होतो. बाई गडहिंग्लजकडच्या ख्रिश्चन. शाळेतून निवृत्त होऊन भाचीकडं राहायला आल्या होत्या. फी घेत नसत, पण गृहपाठ न करता आलेलं त्यांना खपत नसे. मला शेजारच्या त्रिशलावहिनीनं ओढत नेलं होतं. “घरात बसून बसून मुकी होशील,” एवढंच तिचं कारण.

त्या बुधवारचा धडा सोपा होता. बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले होते, सेड आणि टोल्ड. “सेडला माणूस नसला तरी चालतं. हवेत बोला, भिंतीशी बोला. टोल्डला नाही चालत. टोल्ड आला की त्याच्या पाठोपाठ माणूस उभा राहिलाच पाहिजे. कुणाला सांगितलं? मी, हिम, हर, माय सिस्टर. त्यानंतर बातमी असेल तर दॅट लावा, काम असेल तर टू लावा. झालं वाक्य.”

त्रिशलावहिनी सगळ्यांच्या आधी उठली होती. “माय मदर-इन-लॉ टोल्ड मी दॅट आय अ‍ॅम लेझी.”

“व्हेरी गुड. आता टू लावून?”

“माय मदर-इन-लॉ टोल्ड मी टू गेट अप. आय टोल्ड हर टू स्लीप.”

सगळा हॉल हसला. त्या हसण्यातच बाईंनी मला उठवलं.

मी म्हटलं, “माय फादर-इन-लॉ टोल्ड मी...”

“गुड. काय सांगितलं?”

“टू टेल माय हजबंड.”

“आणि मिस्टर काय म्हणाले?”

“माय हजबंड टोल्ड मी टू टेल माय फादर-इन-लॉ.”

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “मिस्टर परगावी असतात का?”

“नाही. घरीच असतात.”

“मग सासरे?”

“तेही घरीच. एकाच दुकानात बसतात.”

आता कुणी हसत नव्हतं. गावात नवीन अशा बाई एकट्याच होत्या, बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. त्रिशलावहिनीनं सतरंजीचा दोरा ओढायला सुरुवात केली. बाईंनी खडू खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “वाक्यात चूक काही नाही. बसा. पुढच्या वेळी येताना सगळ्यांनी तीन वाक्यं आणायची. त्यात ‘मी’ नको. घरातल्या एकानं दुसऱ्याला सांगितलेलं आणि तुम्ही नुसतं ऐकलेलं.”

घरी जाताना मी वाटभर तसं एखादं वाक्य शोधत होते. एकही सापडलं नाही.

आमचं भांड्यांचं दुकान घराच्या पुढच्या अंगालाच होतं. अप्पा, म्हणजे माझे सासरे, गादीवर बसत, आणि हे काउंटरला. मधे हातभर अंतर. सहा वर्षं त्या हातभर अंतरातून एक शब्द इकडून तिकडं गेला नव्हता. गावात पंचकल्याणक पूजा झाली तेव्हा मूर्तीवर पहिला कलश ढाळायच्या मानाची बोली ह्यांनी अप्पांना न विचारता धरली. भर मंडपात अप्पा उठून म्हणाले, “ही बोली आमच्या घरची धरू नका. पोराला कळत नाही.” हे चाळिशीला आले होते तेव्हा. मंडपातून हे तसेच बाहेर पडले. त्या दिवसापासून अप्पांनी ‘सुकुमार’ म्हणून हाक मारली नाही आणि ह्यांनी ‘अप्पा’ म्हटलं नाही. सासूबाई आधीच गेलेल्या, मुलगी सांगलीला वसतिगृहात. मधे राहिले मी.

त्या बुधवारीही सूर्य मावळायच्या आत दोघं जेवायला एका ओळीत बसले. आमच्याकडं दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही, त्यामुळं रागावून उशिरा जेवायची सोयही नव्हती.

“राजमती, सांग त्याला,” अप्पा म्हणाले, “तांब्याचे बंब आलेत ते उन्हात ठेवू नको म्हणावं. काळे पडतात.”

मी मान उजवीकडं वळवली. “अहो, अप्पा म्हणतात, बंब सावलीत ठेवा.”

“सांग त्यांना, सावलीत जागा नाही.”

मी मान डावीकडं वळवली. “अप्पा, सावलीत जागा नाही म्हणतात.”

मी बोलेपर्यंत दुसऱ्याला जणू काही ऐकूच आलेलं नसायचं. हसू यायचे दिवस केव्हाच सरले होते. मी एवढंच बघायची की पावट्याच्या शेंगेची शीर काढून टाकावी तसे टोचणारे शब्द मधेच गळून जावेत. नवीन शब्द मात्र घालायची नाही. खोटं न बोलण्याचं व्रत माहेरून घेऊन आले होते.

पण त्या आठवड्यात बंबाच्या गोष्टी नव्हत्या. अप्पांचा उजवा डोळा काचबिंदूनं गेलेलाच होता. डाव्यात थोडी नजर होती, वर मोतीबिंदूही पिकला होता. मीच त्यांना मिरजेला दाखवून आणलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची असेल तर या शुक्रवारी या, ऑपरेशन करून टाकू. आणखी थांबलात तर मग माझ्या हातात काही नाही.” घरातल्या जबाबदार माणसाची सही लागणार होती. आणि परतताना बसमध्ये अप्पांनी मला बजावलं होतं, “डॉक्टर काय म्हणाला ते त्याला सांग. मला दिसतं किती, ते सांगायचं नाही. ते माझं माझ्यापाशी.”

भाकरीचा तुकडा मोडता मोडता अप्पा म्हणाले, “सांग त्याला, शुक्रवारचं मला जमायचं नाही.”

“अप्पा, असं काय करता? मी येते की. सही मी करते.”

“मुलगा असताना सुनेनं सही करायची? लोक काय म्हणतील? आणि मला कुणी विचारलंय चला म्हणून?” त्यांचा आवाज चढला. “सांग त्याला, मला डोळे नकोत. बघण्यासारखं ह्या घरात काय उरलंय?”

मी मान वळवली. “अहो, अप्पा शुक्रवारी नको म्हणतात. कुणी विचारलं नाही म्हणतात.”

ह्यांच्या हातातला घास ताटात खाली आला. “मी विचारायचं? त्यांनी एकदा नाव घेऊन म्हणावं, सुकुमार, चल. मी आत्ता उठतो. सहा वर्षं मी काय काउंटरवरचा खांब आहे? सांग त्यांना, डोळे त्यांचे, मर्जी त्यांची. माझी सही मिळायची नाही.”

मला मान डावीकडं वळवायची होती. ती वळेना. ह्या बोलण्यातून काय गाळणार? शीर काढायला गेलं तर सगळी शेंगच संपत होती. मी भाजीचं पातेलं उचललं आणि आत गेले. बाहेर दोघेही वाट बघत बसले, आणि मी काही आले नाही तेव्हा उठून हात धुतले.

सकाळी मी नेहमीप्रमाणं बस्तीत गेले. रोज दर्शन झालं की भगवंतासमोर हात जोडून त्या दिवसापुरता एक नियम घ्यायची माझी लहानपणापासूनची सवय. एखादे दिवशी तुपाचा त्याग, एखादे दिवशी हिरव्या भाजीचा, एखादे दिवशी दुपारपर्यंत मौन. त्या दिवशी मी दही सोडायचं ठरवून गेले होते. हात जोडले, डोळे मिटले आणि तोंडातून भलतंच आलं.

“उद्याचं दर्शन होईपर्यंत, कुणाचंही बोलणं मी कुणालाही सांगणार नाही.”

बोलून गेल्यावर मी डोळे उघडले. पण नियम घेतला तो घेतला. नऊ वेळा णमोकार मंत्र म्हटला आणि घरी आले.

अप्पा गादीवर बसून पातेल्यावर टिचकी मारून आवाज ऐकत होते. “आलीस? सांग त्याला, हा माल हलका आलाय. परत पाठव म्हणावं.”

मी हात जोडले. “अप्पा, आज माझा नियम आहे.”

“कसला?”

“एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं नाही. उद्या सकाळपर्यंत.”

काउंटरवरची खुडबुड थांबली. अप्पांची टिचकी पातेल्याच्या वरच राहिली. ते रागावतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, “भगवंतासमोर घेतलास?”

“होय.”

“मग मोडू नको.” पातेलं बाजूला ठेवत ते पुटपुटले, “मोड म्हणणाऱ्यालाही पाप लागतं.”

 मी आत जायला वळले तेव्हा हे नुसतं म्हणाले, “आजच सुचलं होय तुला?”

आजच सुचलं, हे खरं होतं. पण मला त्याचीच भीती वाटायला लागली होती. उद्या शुक्रवार. पहाटे सहाची बस. निदान माझ्या तोंडून तरी दोघांचं काहीतरी ठरलं असतं. आता तो धागाही मी स्वतःच्या हातानं तोडून ठेवला होता. ही तारीख चुकली आणि अप्पांचा उरलेला डोळा गेला, तर?

दुपारी क्लासला गेले नाही. दुकानात कसा दिवस चालला होता ते आतून कान देऊन ऐकत होते. हे गिऱ्हाइकाला मोठ्यानं म्हणत, “हे पातेलं हलकं आहे असं आमच्याकडं कुणाला वाटतं, पण कारखान्याचा शिक्का आहे बघा.” त्यावर अप्पा घंगाळाला सांगत, “शिक्क्याला काय, कुणीही मारतंय.” गिऱ्हाईक बिचारं एकदा इकडं, एकदा तिकडं बघून पातेलं न घेताच गेलं.

त्रिशलावहिनी विरजण मागायला आली तेव्हा अप्पांनी तिला गाठलं. “त्रिशला, राजमतीचा आज सांगायचं नाही असा नियम आहे. जरा तू त्याला सांग...”

“मी नाही हो बाई,” ती पदर सावरत म्हणाली. “तुमच्यातलं सांगायला राजमतीची जीभ लागते. माझी घातली तर संध्याकाळपर्यंत पोलीस येतील.” मग आत येऊन माझ्या कानाशी लागली, “काय गं, मुद्दाम केलंस ना?”

“नियम मुद्दामच करतात वहिनी.”

“आणि उद्याच्या डोळ्याचं?”

 तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विरजण न घेताच गेली.

चारच्या सुमाराला गिऱ्हाईक कमी झालं. मी चहा घेऊन दुकानाच्या दारात आले. हे काउंटरवर वाकून काहीतरी लिहीत होते. भांड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून, किमती लिहायच्या जाड निळ्या खडूनं, मोठमोठ्या अक्षरांत. लिहून झालं तसं ते बघत बसले. एकदा माझ्याकडं पाहिलं, पण मी नजर कपाकडं वळवली. मग त्यांनी पुठ्ठा गादीवर, अप्पांच्या गुडघ्याशी, नुसता सरकवला.

माझ्या जागेवरून मला अक्षरं स्पष्ट दिसत होती. ‘उद्या सहाच्या बसनं मिरजेला जाऊ. मी येतो.’

 एवढं ह्यांनी माझ्या तोंडून कधी सांगितलं नसतं. पण ते वाचणार कोण? आणि वाचून दाखवलं की माझा नियम गेला.

अप्पांनी पुठ्ठा चाचपला. उचलला. डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. उजेडाकडं तोंड करून बसले, जसे रोज संध्याकाळी बस्तीत शास्त्र वाचायला बसत. दोन्ही हातांत पुठ्ठा धरून त्यांनी ओठ हलवले, मान डोलावली आणि समोरच्या रस्त्याला म्हणाले, “बरं. वाचलं.”

पुठ्ठा उलटा होता.

निळी अक्षरं डोक्यावर उभी होती. बोटभर उंचीची अक्षरं. हे काउंटरमागून बघत होते. आधी त्यांना वाटलं असावं की अप्पा चेष्टा करताहेत, कारण ओठ किंचित आवळले गेले. मग ते सैल पडले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला ठाऊक नाही, पण ते काउंटरचा आडणा उचलून पलीकडं आले. त्या हातभर अंतरात ते उभे राहिले.

“अप्पा.”

अप्पांची मान वर झाली.

“अप्पा, पुठ्ठा उलटा धरलाय.”

रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. माझ्या हातात अजून चहाचा कप होता. मी तो उंबऱ्यावर ठेवला.

“मला सांगतोयस?” अप्पांनी विचारलं.

“तुम्हांलाच.”

अप्पांनी पुठ्ठा मांडीवर ठेवला आणि त्याच्यावरून हात फिरवत राहिले, जसं काही त्यावर धूळ होती.

“मग बस्तीत रोज शास्त्र वाचता ते?”

“पाठ आहे. पानं मात्र उलटतो. लोकांना बरं वाटतं.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली असतील.”

“दोन वर्षं! आणि मला सांगितलं नाही?” ह्यांचा आवाज असा चढला की समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवलं. “मी इथं शेजारी बसून असतो. हातभर अंतरावर. मला सांगायला काय झालं होतं तुम्हांला?”

“तू विचारलंस?”

“तुम्ही हाक मारलीत?”

“मी बाप आहे. मी का मारू आधी?”

“मग मी मारली ना आता!”

 अप्पांनी पुठ्ठा ह्यांच्यापुढं धरला, ह्या वेळी सुलटा आहे की उलटा ते न बघताच. “काय लिहिलंस? वाच.”

“उद्या सहाच्या बसनं मिरजेला जाऊ. मी येतो.”

“सहाच्या?” अप्पा म्हणाले. “सहाला मी अभिषेकाला जातो. बस्ती सोडून मी कुठं जात नाही.”

“मग पावणेसातची.”

“ती सगळ्या गावांत थांबते. उसाचे कामगार भरतात. उभं राहावं लागतंय.”

“तुम्हांला कोण उभं ठेवतंय? मी धरून ठेवतो जागा.”

“तू धरणार! तुला कधी जागा मिळाली बसमध्ये, सुकुमार?”

नाव निघालं. निघालंय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. अप्पा लगेच पावणेसातच्या बसच्या ड्रायव्हरला नावं ठेवायला लागले आणि हे त्या ड्रायव्हरची बाजू घेऊन भांडायला लागले. मी चौकटीला पाठ लावून तिथंच खाली बसले. बायकांनी दुकानाच्या दारात बसू नये, एरवी मीही बसत नसे. पण त्या दिवशी बसले. चहा गार झाला होता, आणि कुणाला त्याची आठवण नव्हती. मला रडू येत होतं की हसू, ते मी त्या दिवशी ठरवलं नाही.

ऑपरेशन नीट झालं, हे आधीच सांगून टाकते. डाव्या डोळ्यात जेवढी नजर होती तेवढी राहिली, मोतीबिंदू निघाल्यावर उजेडही वाढला आणि अप्पांनी पुढं कित्येक वर्षं जाड भिंगातून शास्त्र वाचलं. पण मला अजून आठवते ती त्या शुक्रवारची सकाळ.

अप्पांचा अभिषेक उरकला. माझंही दर्शन झालं. नियम सुटला होता, पण कुणी मला काही सांगायला दिलं नाही. पावणेसातच्या बसमध्ये ह्यांनी खरंच दोन जागा धरल्या, दोघांच्या. मला मागं कोपऱ्यात एक मिळाली, एका बाईच्या कोथिंबिरीच्या पाटीशेजारी. पुढून आवाज येत होते.

“आता काय दिसतंय बाहेर?” अप्पा विचारत होते.

“ऊस.”

“ऊस तर सगळीकडंच आहे. ओढा गेला का?”

“गेला.”

“मग डाव्या हाताला वड असेल.”

“वड नाही. तिथं पंप झालाय आता.”

“खोटं सांगतोस. तिथं वडच आहे.”

“अप्पा, मी बघतोय ना!”

“नीट बघ.”

कोथिंबिरीचा ओला वास येत होता. सहा वर्षं बसमध्ये, जेवताना, बस्तीत, कुठंही बसले तरी माझा एक कान कुणीतरी ‘सांग’ म्हणेल म्हणून टवकारलेला असायचा. तो कान केव्हा मिटला कळलं नाही. खिडकीच्या गजाला डोकं लागलं आणि मला झोप लागली.

“ओ ताई, उठा. मिरज आली. गाडी रिकामी झाली की!”

कंडक्टर वाकून हाक मारत होता. मी दचकून समोर बघितलं. दोन्ही जागा मोकळ्या होत्या. खिडकीतून पाहिलं तर स्टँडच्या पार पलीकडच्या टोकाला, रिक्षांच्या गर्दीत, हे अप्पांचा दंड धरून चालले होते. दोघंही हातवारे करत होते. आवाज येत नव्हता, पण वडाचंच चाललं असणार. मी बरोबर आहे ह्याची दोघांनाही आठवण नव्हती.

“तुमची माणसं तुम्हांला विसरून गेली बघा,” कंडक्टर म्हणाला.

“जाऊ द्या,” मी म्हटलं. “सावकाश उतरते.”